एकशे बारा नंबरचा खांब

डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यामुळे निवृत्त नर्सबाईंना दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसण्यावाचून दुसरं काम नव्हतं. कान मात्र मागच्या बाकावरच्या बापलेकीकडे लागले होते.

“बाबा, मी गाडी चालवायचा गेम बनवलाय. गाडी चालवा ना!”

“चालवली की. पण तुझ्या गेममधल्या एकशे बारा नंबरच्या खांबावरचा दिवा बंद आहे. हे बघ, वहीत लिहून ठेवलंय.”

“अहो, तो मीच बंद ठेवलाय. रस्ता खरा वाटावा म्हणून.”

“बंद दिव्याने खरा वाटतो होय? मग रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला तीस वर्षं मी शिडीवर काय हवा खायला चढत होतो?”

“तसं नाही हो...”

“बाकी काम फक्कड. दिवे आधी लालसर लागतात, मग हळूहळू पिवळे होतात. हे तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून बघितलंय की लहानपणी.”

“हं... तुझ्या लक्षात आहे तर. लोकांचे फोन यायचे ते दिवा गेला म्हणून. लागला म्हणून एकाचाही आला नाही बघ.”

“बरं, आज घरी गेल्यावर पहिला तोच लावते.”

“शिडी धरायला येऊ का?”

तेवढ्यात नर्सबाईंचा नंबर पुकारला. उठता उठता त्या मागे वळल्या. समोर नुसते दोन धूसर आकार दिसत होते.

“दिवेवाले दादा, दुसरी पाळी संपवून मी वर्षानुवर्षं रात्री एकटी, दिव्यांच्या उजेडात चालत घरी गेले,” त्या म्हणाल्या. “फोन करायचा तेवढा राहून गेला.”