सत्तावीस महिन्यांची रजा

नाही काका, बाबांचा लेख मी देणार नाही. बाबा येतीलच कंपनीतून, त्यांच्याकडून घ्या. साखर हवी तर त्या वरच्या कपाटात, प्रेसमध्ये आहे. तुम्ही इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक, तुम्हाला पानं भरायची असतात, कळतं मला — पण माझ्या हातानं नाही. आणि माझ्यावर असे डोळे वटारू नका, वाचलाय का तुम्ही तो? मी वाचलाय. टाइप मीच केला सगळा. बाराशे वर्षांपूर्वीचा चीनमधला आदर्श विद्वान अधिकारी — वीस वर्षं परीक्षा देत बसायचं, मग कुठे एक जिल्हा मिळतो, मग खुद्द बादशहाला तोंडावर सांगायचं की महाराज, तुमचं चुकतंय, आणि हद्दपारी झाली की डोंगरात बांबू लावून कविता करत बसायचं. बाबांना फार आवडतात असली माणसं. स्वतःच्या मॅनेजरपुढे मात्र दिवसभर 'येस, ग्रँड, ग्रँड' चालू असतं, ते सोडा.

पण तिसरं पान. तिथे मला शिसारी येते. आई किंवा वडील गेले की त्या अधिकाऱ्यानं खुर्ची सोडायची — लगेच — आणि सत्तावीस महिने गावी. जाडंभरडं नेसायचं, मांस नाही, दारू नाही, थडग्याशेजारी झोपडीत राहायचं. आणि पद जाईल म्हणून मृत्यू लपवला तर तो गुन्हा, कायद्यानं गुन्हा. पुढे बाबा लिहितात, 'अशी निष्ठा आज कुठे उरली आहे?' आणि लेखाच्या वर अर्पण — 'कै. आईस'.

कै. कधीपासून, हेच ना? बघा, तुम्हालाही माहीत नाही. माझी आजी ऑगस्टच्या शेवटी गेली. वर्ध्याला. मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक तुम्हीच दिलंत ना बाबांच्या हातात? तेव्हा दहा दिवससुद्धा झाले नव्हते. सुतकात आरती केली, मोदक खाल्ले, 'आई कशी आहे' विचारलंत तर म्हणाले बरी आहे. का? कारण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग तुम्ही गेला नाहीत? आणि इथल्या कोर्टानं जुलैत म्हटलेलं, इथल्या नागरिकत्वाच्या अर्जाआधीचं शेवटचं वर्ष एक दिवसही या देशाबाहेर नको. अख्खं मंडळ हादरलं होतं, तुम्हीसुद्धा. बाबांच्या अर्जाला सहा आठवडे उरले होते. सहा. कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, फोन स्टिअरिंगला टेकवून, आईला अग्नी दिलेला बघितला त्यांनी. मी शेजारीच होतो. मग समोरच्या दुकानातून दोन चिकन रोल आले. एक त्यांचा. दुसरा — हो, दुसरा माझा, मग?

मी का नाही गेलो? मी कॉलेज सोडलेला, मला कोण विचारतं — हो, मोकळाच होतो. वर्ध्याहून चंद्रहासकाकाचा, बाबांच्या भावाचा, फोन आला तेव्हा आजी होती अजून. चार दिवस होती. पोराला तरी पाठवा, त्याचं नाव घेतेय, म्हणाला. बाबांनी तिकीट काढायला घेतलं, लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. तू जा, म्हणाले. मी म्हटलं, माझाही अर्ज आहे.

एवढंच म्हटलं. ओरडले नाहीत ते. लॅपटॉप मिटला, आणि चेहरा बघायला हवा होता तुम्ही — सुटल्यासारखा. एकदम सुटल्यासारखा. त्यांना तेच हवं होतं, आणि मी — मी ते दिलं. मला अजून ओकारी येते तो चेहरा आठवला की. आरशात बघितलं तरी येते.

बाबांची गाडी लागली दारात. हा घ्या पेनड्राइव्ह. छापा, अर्पणासकट छापा. नाही, अर्पणातलं ते 'कै.' तेवढं काढा, लोक विचारतील. आणि मी तुम्हाला काही बोललो नाही, आपण अंकाबद्दल बोलत होतो. चहा राहू द्या, काका. निघा.