गॅलनमागे चार मैल

अरे, पेट्रोलच्या जाहिराती मला नको सांगूस. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतली गोष्ट ऐक. परळला आमच्या शेजारी राहणाऱ्या अण्णांकडे एक जुनी मोटार होती. एका सोमवारी अण्णा मला म्हणाले, "पंप बदलला रे! या नव्या पेट्रोलचं एकच गॅलन भरलं होतं, तर गॅलनमागे चक्क चार मैल जास्त मिळाले. मीटरच बघ!"

माझा चहाचा कप हवेतच राहिला. "अण्णा, काल आमच्या चळवळीच्या प्रचारफेरीला गाडी तुम्हीच दिलीत ना?"

"दिली. मग?"

"इंजिनाच्या धडधडीत गाडीतून गाणाऱ्या शाहिरांचा आवाज कुणालाच ऐकू येईना. म्हणून आम्ही इंजिन बंद केलं आणि लालबागपासून गिरगावापर्यंत गाडी ढकलत नेली. चौघांनी!"

अण्णा मटकन खुर्चीत बसले. "ढकलत? अख्खे चार मैल?"

"चाकं फिरली, तसा मीटरही फिरला."

"अरे गाढवा, आज सकाळीच मी पंपावर सहीनिशी लिहून दिलंय, की असं पेट्रोल मुंबईत दुसरं नाही! त्यांनी ते काचेवर लावलंसुद्धा!"

मी म्हटलं, "मग खाली आमच्या चौघांच्याही सह्या घ्यायला सांगा."