सोमारीबाईंच्या हाताची नोंद

आदरणीय अध्यक्ष डॉक्टर गुणवंतराव साहेब, मंचावरचे पाहुणे, दवाखान्यातले माझे सगळे सहकारी आणि जेवणाची वाट पाहत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आताच माझ्या निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, रीता सिस्टरसारखं अक्षर अख्ख्या जिल्ह्यात नाही. म्हणून शालीसोबत पेनही दिला. आभारी आहे, साहेब. एकोणतीस वर्षं या दवाखान्यात नोंदी लिहिल्या, पण अक्षराचं एवढं कौतुक आजच झालं. काऊन झालं, ते मला ठाऊक आहे. सोमवारी ग्राहक आयोगात मला दवाखान्यातर्फे साक्ष द्यायची आहे.

हसू नका, गंमत नाई करून राह्यली मी.

तिसऱ्या रांगेत सोमारीबाई बसल्या आहेत, धानोऱ्याच्या पलीकडच्या गावच्या. मीच बोलावलं त्यांना. दोन वर्षांमागे तेंदूपानं तोडताना पडल्या, उजवं मनगट मोडलं. आपण प्लास्टर बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली, "बाई, बोटं काळे पडून राह्यले. सोडा ना हे. मले सोसत नाई." हात लावून पाहिला, तर बोटं थंडगार! तीन वाजता नोंद केली, साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, उद्या पाहू. सहाला पुन्हा नोंद, पुन्हा फोन, उत्तर तेच. नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला होता. हात कोपराखाली कापावा लागला.

साहेब, बसा ना. दोनच मिनिटं. आणि माईक चालू राहू द्या.

नंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून नोंदीचं ते पान नव्यानं लिहायला लावलं. बोटं गरम, तक्रार नाही. मी लिहिलं. जुनं पान माझ्याच हातानं फाडलं. नोकरी जाईल म्हणून भ्याले, दुसरं काय सांगू? लाज वाटते मला.

दीपिका वकील इथेच आहेत. दवाखान्यावर केस करायला विधी सेवेकडून सोमारीबाईंना फुकट मिळालेल्या वकील. त्यांच्या पिशवीत बियाणं न उगवलेल्या शेतकऱ्याचे कागद असतात, बँकेनं कुलूप लावलेल्या राईसमिलवाल्याचे असतात आणि सोमारीबाईंचेही. मागच्या महिन्यात त्या घरी आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, आमच्याजवळ दुसरा पुरावा नाही. तुमच्या त्या एका पानावर केस बुडते." मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. वाटलं, निवृत्त झाले की सुटले. कशाची सुटते? रोज जेवताना सोमारीबाईंचा हात दिसते मले.

तर सोमवारी मी जाणार आहे, पण जे घडलं तेच सांगणार. खोटारडी म्हणतील. माझ्यावरही गुन्हा लागेल, असं वकीलबाईंनी आधीच सांगितलं आहे. लागू द्या.

तुम्ही सगळ्यांनी एवढ्या मायेनं निरोप दिला, जेवण ठेवलं, त्याबद्दल मनापासून आभार. शाल नेते, पेन इथेच ठेवते. चुकलंमाकलं पदरात घ्या, अशी विनंती शेवटी सभागृहाला करायची असते. ती मी तुम्हाला नाही करत. सोमारीबाई, तुले करते. माफ नाई केलं तरी चालते, पण सोमवारी माझ्याजवळ बसजो. मले लय भेव वाटून राह्यलं.