उरलेली हिरवी वायर

‘हिच्या माहेरचे नळ गरीब असतील, आपला जरा अंगावर येतो’ — असं सासूबाई काल पलीकडच्या खोलीत सासऱ्यांना म्हणाल्या, मी ऐकावं म्हणून नव्हे, पण या घराच्या भिंती पातळ आहेत. दोघं हसले. मीही हसले असते, वाक्य छानच होतं — पण माझ्या हाताला तेव्हा अजून नळाच्या शॉकच्या झिणझिण्या होत्या. तर दादा, तुम्ही दाराची बेल दुरुस्त करायला आलात हे मला माहीत आहे. पाणी घ्या. घ्या हो, फ्रिजमधलं आहे, नळाचं नाही.

हा बघा, भांडी घासायचा खालचा नळ. आणि त्याच्या वर, त्याच लोखंडी पाइपला जोडलेला, तो नवा गीझर. सासऱ्यांनी स्वतः बसवला — हौस आहे त्यांना. त्याला तीन वायरी होत्या, भिंतीत दोनच निघाल्या. मग? मग दोन जोडल्या आणि हिरवी उरली. ती नीट गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून ठेवलीय, वाटलं तर बघा. ‘पाणी तापतंय ना? मग ती कशाला हवी?’ असं म्हणाले. तापतं, छान तापतं. मी काय बोलणार — नवीन सून, आणि पहिलंच बोलणं सासऱ्यांची चूक काढणारं?

यांना सांगितलं. हे आले, नळ धरून उभे राहिले, म्हणाले, ‘काही नाही गं, तू मनावर घेतेस.’ बरोबरच आहे, काहीच नव्हतं — पायांत रबरी चपला होत्या ना. या घराची रीतच आहे, फरशी गार म्हणून स्वयंपाकघरात प्रत्येकाची वेगळी चपलांची जोडी, त्या बघा दाराशी ओळीने. माझी अजून यायचीय. ‘आणू, आणू’ चाललंय. तोवर मी अनवाणी, ओल्या फरशीवर, भांड्यांपुढे. विजेला जमिनीत जायला वाट लागते, एवढं तर शाळेत शिकवतात — ती हिरवी वायर म्हणजे ती वाट. ती गुंडाळून ठेवल्यावर या घरात दुसरी वाट कोणती? मी.

खात्री करून घेतली मी, उगाच नाही बोलत. दुपारी सगळे झोपले असताना सासूबाईंच्या चपला घातल्या आणि नळाला हात लावला — नळ गप्प. काढल्या — चावला. पुन्हा घातल्या, गप्प. संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, तर यांनी एवढंच ऐकलं, ‘आईच्या चपला घातल्यास?’

चपला विकत आणू, म्हणता? आणीन की, कोपऱ्यावर मिळतात. मग मलाही काही होणार नाही, आणि नळ कोणालाच चावत नाही असं कायमचं ठरेल. पण आज नणंद येतेय, तिच्या रांगत्या मुलीला घेऊन. मागच्या खेपेला ती पोर सारखी याच नळाशी — चकाकतो ना. तेव्हा हा गीझर नव्हता. तिला कोण चपला घालणार, आणि रांगताना तळहात तर जमिनीवरच.

तुम्ही फक्त टेस्टर लावा. नाही? मालकांनी सांगितलं नाही म्हणून — हो, खरंय, उद्या तुम्हालाच बोलतील. मग निदान बाहेर जाऊन सहज म्हणा, की गीझर बघावा लागेल. माझं नाव नका घेऊ. तेही नाही? बरं. मी सकाळपासून गीझरचं बटण बंद करून ठेवते, कोणीतरी येऊन परत चालू करतं — गरम पाणी लागतं ना सगळ्यांना. आत्ताही चालूच आहे, तो लाल दिवा बघा.

वाजली. चांगली दुरुस्त केलीत हो बेल. आली वाटतं. ऐकलंत? ‘मामीकडे जा, मामीकडे’ — इकडेच आणताहेत तिला. सासूबाईपण आल्या, आता विचारतील तुमच्याशी एवढं काय बोलत होते. तुम्ही पिशवी भरा, दादा, भरा, तुमचं काम झालं.

ताई, तिला खाली ठेवू नका. — हो, मीच बोलतेय. थट्टा नाही करत. उचलून धरा तिला. आई, तुम्ही आधी चपला काढा. काढा, आणि ओल्या फरशीवर उभ्या राहून या नळाला हात लावा. मग ठेवा तिला खाली.