मरीआईचा गाडा शेवटी कुठं थांबला?

सरकून बसा मंडळी. बायांनो, पुढं या, जागा आहे. देवाचं नाव घेतलं, आता एक विचारतो. साथ येते ती माणसाचं घर बघून येते का? नाही! वारा सगळ्यांचा, पाणी सगळ्यांचं. मग मरण सगळीकडं सारखं का नसतं? शहरात कमी, गावात जास्त, गावाखालच्या वस्तीत सगळ्यांत जास्त — आणि तिथंही आधी म्हातारी माणसं, आधी पोटुशी बाई! का बरं? देव पक्षपात करतो? — "नशीब!" कोण बोललं मागं? ऐकलं मी! थांब बाबा, तुझ्या नशिबाकडंच निघालोय.

तर ऐका. पटकीचे दिवस. जुलाब-उलट्यांनी सगळा मुलूख आडवा झालेला. चिंचखोरीत दोघं दगावले आणि खाशाबा पाटलांनी हुकूम सोडला — "मरीआईचा गाडा काढा!" गाडा म्हणजे काय, पोरींनो? लाकडाची छोटी गाडी. तीत मरीआई बसवायची, हिरव्या बांगड्या, दहीभात ठेवायचा, आणि हलगी वाजवत शिवेपलीकडं ढकलायची. झालं, रोगराई तिच्याबरोबर गेली! पुढच्या गावानं ती त्याच्या पुढच्या शिवेवर ढकलायची. आपल्या दारातला केर शेजारणीच्या दारात लोटतो ना, तसंच! हसता काय? सकाळीच लोटलाय तुम्ही!

चिंचखोरीच्या खाली ओढा, ओढ्याकाठी खाली नावाड्यांची वस्ती. आणि वस्तीच्या पुढं? नदी! गाडा वस्तीवर आला, आता तो ढकलायचा कुठं? वस्तीतली तरणी पोरं म्हणाली, "लोटू नदीत." तशी ठकूबाई नावाची म्हातारी आडवी आली. "आरं, आई हाय ती! आईला कुठं लोटता?" तिनं देवी उचलली आणि स्वतःच्या खोपटात नेऊन ठेवली.

इकडं गावात टोचणारे डॉक्टर आले. सगळ्यांना टोचलं, विहिरीत औषध टाकलं. हुशार गाव! आणि आजाऱ्यांची फडकी? ती धुतली ओढ्यात! ओढा वाहतो कुठं, मंडळी? — खाली! वस्ती पाणी पिते कुठलं? — तेच! गाड्यानं काय रोग नेला असेल तो असेल, गाव मात्र तो रोज धुऊन पाठवत होतं.

ठकूबाईची सून चंद्रा, दिवस भरलेली. उलट्या करून करून पांढरी पडली. म्हातारी धावत गावाच्या शिवेवर आली, तर तिथं काट्यांचं कुंपण आणि राखण!

"पाटील, डाक्तरास्नी धाडा. पोरगी दोन जिवांची हाय वो!"

डॉक्टर बॅग घेऊन उठलेसुद्धा. पाटील म्हणाले, "जा साहेब. पण मग परत गावात येता यायचं नाही. रोग आम्ही शिवेपार घातलाय."

डॉक्टरांनी गावाकडं बघितलं. एकानं तरी "जाऊ द्या" म्हणावं? सगळं गाव तिथं उभं होतं! पाटील काही राक्षस नव्हते हो, भजनाला पेटी तेच वाजवायचे. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि डॉक्टर पुन्हा बसले.

साथ ओसरली. गावात त्या दोघांनंतर कोणी गेलं नाही. आईची कृपा! पुरणपोळीच्या पंगती बसल्या. पहिला घास उचलणार, तोच ठकूबाई आली. एकटी. डोक्यावर मरीआई! देवी तिनं पाटलांच्या ताटापुढं ठेवली.

"तुमची आई घ्या, पाटील. चंद्रा गेली, पोटातलं गेलं, माझा ल्योकबी गेला. आता हिला निवद दाखवायला घरात कोन न्हाई. माझं हात कापत्यात. पडंल म्हनून आणली."

शिवी नाही, शाप नाही! शाप दिला असता तर गावानं नारळ फोडून शांती केली असती. इथं काय फोडणार? पाटील घास हातात धरून बसले. त्यांना मान वर करता येईना.

कुठं गेला तो नशीबवाला? बोल ना आता!

बरं, त्यांचं झालं. परवा होणारं लसीचं शिबिर कुठं ठेवलंय? याच मंडपात! आपल्या सोयीचं! खालच्या धनगरवाड्यात सांगायला कोण गेलं होतं? हात वर करा. — कोणी नाही? त्या म्हाताऱ्या हा चढ चढून येणार? आणि नाही आल्या, मेल्या, की आपण म्हणायला मोकळे — त्यांचं नशीब!

लाज वाटते मंडळी, लाज! आज टाळ्या वाजवू नका, मला ऐकवणार नाहीत. उठा, शिबिराची ती टेबलं उचला आणि आधी धनगरवाड्यात नेऊन मांडा. आरती तिथून आल्यावर करू.