बंड्याला सुट्टी

मला वाटलं होतं, परदेशात अग्निसुरक्षा शिकून आलेय म्हटल्यावर आपल्या विमानतळावर मला पहिल्याच आठवड्यात बंबावर घेतील. घेतलं कसलं, रांगायला लावलं!

आमच्याकडे एक खोली आहे. आत विमानासारख्या सीट आणि गच्च धूर. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, आणि चाचपडत सत्तर किलोचा बाहुला शोधून बाहेर ओढायचा. त्याला सगळे बंड्या म्हणतात. बंड्या आणला तर बंबावर जागा, नाही तर कंट्रोल रूममध्ये फोन घेत बसायचं.

मी एकेक सीट पद्धतशीर तपासली. मध्येच दम लागला, म्हणून खाली पडलेल्या सीटच्या गादीवर जरा टेकले. बाहेर येऊन ताठ मानेने सांगितलं, "केबिन रिकामी!"

आमचे सीनियर सावंतकाका बाहेरून, धुरातलंही दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यावर बघत होते. "नीट बघितलंस ना गं?"

"इंच न् इंच, काका."

"मग मघाशी बसलीस ती कोणावर?"

अख्खी शिफ्ट हसून लोळली यार. मला मात्र हसू येईना. बंड्याच्या जागी खरा प्रवासी असता तर?

"उद्यापासून फोन," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीच्या तासभर आधी त्या खोलीच्या दारात उभी.

"काका, फोन घेते. पण त्याआधी बंड्याला सुट्टी द्या. आजच्या सरावात त्याच्या जागी मी झोपणार."

"कशाला गं?"

"शोधणारा हात कुठे चुकतो, ते खालून बघायचंय."