न मोडलेलं पान

नाही जी, हरवलं नाही पुस्तक. आहे घरातच. बसा न सर, खाटेवर बसा — लाखनीहून एवढ्या उन्हात आले तुम्ही, पाणी आणतो. चार महिने झाले, मालूम आहे मले. तुमच्या वाचनालयात उर्वशीताईच्या नावावर होतं ते, अन् ताई गेली. म्हणजे वारली, होय, पोळ्याच्या चार दिवस आधी. तुमच्यापर्यंत नाही आली खबर? सिकलसेल होता न तिले, लहानपणापासून. रक्त तपासून देतात ते लाल कार्ड, म्हणजे पुरा आजार.

मी वाचलं ते. सातवीतच सोडली शाळा, पण वाचलं — बोट ठेवून ठेवून, तेरवी झाल्यावर, पुरा महिना लागला. म्हटलं पाहू तरी, ताई ह्याच्यात काय पाहे. कसं आहे म्हणता? कुठं कुठं चांगलं आहे. तो किल्लेदार अन् ती कोष्ट्याची पोरगी — ती मागावर बसली आहे, त्याच्या घोड्याची टाप ऐकू येते, हात थांबते तिचा अन् धागा तुटते — ते लिहिणाऱ्यानं पाहिलं असन कुठंतरी. ताई बी तशीच, माझ्या सायकलची घंटी वाजली का हातातलं सोडून दारात. मले वाटे, माझ्यासाठी येते. जाऊ द्या. पण खोटं बी लय आहे जी त्याच्यात. ती पोरगी रोवणीले जाते, दिवसभर बांधीत वाकून धान लावते, अन् सांजेले लुगड्याले चिखल नाही. तिले ताप येते तर वैद्य तीन पानांत बरी करते. तीन पानांत. आम्ही किती खेपा भंडाऱ्याले नेलं ताईले, रक्त चढवाले. अन् बारा वर्षं वाट पाहते तो किल्लेदार — कोण पाहते हो बारा वर्षं? आमच्या इकडं पत्रिकेच्या आधी कार्ड पाहतात. लाल दिसलं का पाहुणे चहा पिऊन उठतात.

अन् तो मामा. पोरीचं पत्र लपवते तो, तर त्याले नुसता दुष्टच करून टाकला. मिशीले पीळ, दारू, हासणं. तसं नसते जी. पत्र लपवणारा माणूस जेवते, धानाले पाणी देते, बहिणीच्या गोळ्या आणते. त्याले वाटते, आपण चांगलंच केलं. डॉक्टरनं म्हटलं होतं न, लेकरू झालं तर तिच्या जीवाले धोका आहे, मंग कायले पाठवाचं कोणाच्या घरी? अन् राग बी असते त्याले, आपल्याले न विचारता हे सारं चाललं, आपल्याच सायकलवर —

मामाचंच बोलून राहिलो मी.

नाही. मामाचं नाही. पुस्तकाच्या मागच्या कागदावर पाहा, कोणी कोणी नेलं ते तुमच्याच हातचं आहे. उर्वशी, मंगेश. उर्वशी, मंगेश. हेच पुस्तक, आळीपाळीनं, पाच खेप. ताईचं पुस्तक सायकलवर नेआण करणारा मी, अन् मलेच समजलं नाही. घरात फोन एकच, तोही माझ्या खिशात. शेवटच्या खेपी स्टँडवर पुस्तकातून चिठ्ठी पडली. साकोलीचा तो मंगेश. 'कार्ड लाल आहे ते मला माहीत आहे. तरी मागणी घालायला येतो. हो असेल तर शेवटचं पान मोडून पाठव. तोवर गावात पाय ठेवत नाही, तुझं नाव नको व्हायला.' ठेवली खिशात. ताईनं पुस्तक घेतलं, पान पान चाळलं, उलटं धरून झटकलं. म्हणे, गोलू, रस्त्यात काही पडलं का रे? मी म्हटलं, नाही. मंग तिनं परत पाठवलंच नाही ते. उशीखाली ठेवे. म्हणे, ह्यातला किल्लेदार खोटा आहे रे.

पण सर, एका जुन्या पुस्तकासाठी तुम्ही इथवर काहून आले? कोणी मागून राहिला?

कोण?

दर शनिवारी येते?

अजून?

म्हणजे ताई गेली ते त्याले बी नाही मालूम.

घ्या. चिठ्ठी आतच ठेवली, जिथं होती तिथं. शेवटचं पान मोडाले दोनदा बोट लावलं मी. पण ते ताईनं मोडाचं होतं, मी नाही मोडत. त्याले सांगजा, चिठ्ठी तिले भेटलीच नाही. भावानं ठेवली, असंच सांगजा. घर विचारलं तर दाखवून द्या, मारन तर मारू द्या, मी घरीच असतो.

नाही, माझ्यासाठी पाणी राहू द्या आता. जा जी तुम्ही.